मुळांवरच्या गाठी आणि घरातले विरजण

खरिपाचा हंगाम तोंडावर आला की खतटंचाईची चर्चा दर वर्षी नेमाने सुरू होते. युरियाचा साठा किती आला, कोणत्या जिल्ह्याच्या वाट्याला किती पोती गेली, दुकानदार युरियाबरोबर दुसरे कोणते खत शेतकऱ्याच्या गळ्यात मारतो, यावर विधिमंडळापासून गावच्या पारापर्यंत बोलले जाते. या तक्रारी खोट्या नाहीत. परंतु ज्या नत्रासाठी एवढी यातायात चालते ते प्रत्येक शेताच्या डोक्यावर अमाप पसरलेले आहे, ही गोष्ट या चर्चेत क्वचितच कोणी बोलून दाखवितो. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नत्रवायूचा आहे. एका हेक्टर जमिनीवर उभ्या असलेल्या हवेच्या स्तंभाचे वजन धरले तर त्यात पाऊण लाख टनांहून अधिक नत्र भरते. पिकाला हवे असते ते हेक्टरी शंभर-सव्वाशे किलो. तरीही पीक उपाशी राहते; कारण नत्रवायूच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना असे जखडलेले असतात की कोणत्याही वनस्पतीला तो बंध स्वतःच्या बळावर तोडता येत नाही.

आकाशातील विजेमुळे जमिनीत येणारे थोडेबहुत नत्र सोडले तर हा बंध तोडण्याचे सामर्थ्य दोघांकडेच आहे. एक माणसाचा कारखाना आणि दुसरे मोजक्या जातींचे सूक्ष्मजीव. यांपैकी कारखान्याची चिंता सरकार, वृत्तपत्रे आणि शेतकरी संघटना असे सर्वच वाहतात. सूक्ष्मजीवांची चिंता वाहणारा कोणी नाही. यातील विसंगती अशी की, याच समाजाने स्वयंपाकघरात सूक्ष्मजीवांची जोपासना पिढ्यान् पिढ्या निगुतीने केली आहे. विरजण सांभाळताना आपल्या घरांनी जे शहाणपण दाखविले ते मातीच्या बाबतीत आपल्या शेतीधोरणाला दाखविता आलेले नाही, असे म्हणणे प्राप्त आहे.

नत्राचे दोन मार्ग

कारखान्याचा मार्ग तुलनेने नवा आहे. १८९८ साली ब्रिस्टल येथे ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून बोलताना सर विल्यम क्रुक्स यांनी इशारा दिला होता की, गहू खाणाऱ्या देशांची लोकसंख्या वाढत आहे, चिलीमधील सोऱ्याचे साठे कायमचे पुरणारे नाहीत. तेव्हा हवेतील नत्र बांधण्याची युक्ती रसायनशास्त्रज्ञांनीच शोधली पाहिजे. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली ती प्रयोगशाळेत करून दाखविली. कार्ल बॉश यांनी तिला कारखान्याचे रूप दिले आणि १९१३ साली जर्मनीत ओपाऊ येथे अमोनियाचे उत्पादन सुरू झाले. भारतात सिंद्रीचा कारखाना १९५१ साली चालू झाला. पुढे ट्रॉम्बे आणि थळ येथील कारखाने महाराष्ट्राच्या परिचयाचे झाले. जगातील जवळजवळ निम्म्या लोकसंख्येचे अन्न या कृत्रिम नत्राच्या आधारावर पिकते, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

दुसरा मार्ग मनुष्यजातीपेक्षाही जुना आहे. त्याचा उलगडा मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. हेलरीगेल आणि विल्फार्ट या जर्मन संशोधकांनी १८८६ साली जाहीर केले की, द्विदल पिकांना हवेतील नत्र मिळते ते त्यांच्या मुळांवरील गाठींमुळे. १८८८ साली हॉलंडच्या बेयरिंक यांनी या गाठींतील जिवाणू वेगळा करून वाढविला. आज आपण त्याला रायझोबियम या कुलनामाने ओळखतो.

ही गाठ तयार होते कशी, हे पाहण्यासारखे आहे. उडदाचे किंवा तुरीचे कोवळे मूळ जमिनीत काही विशिष्ट द्रव्ये सोडते. आसपासचा योग्य जिवाणू त्यांना प्रतिसाद देऊन स्वतःचा रासायनिक संकेत पाठवितो. ओळख पटली की मूलरोम वाकतो, जिवाणूला आत घेतो आणि मुळाच्या पेशी वाढून त्याच्यासाठी जणू एक खोलीच बांधतात. जिवाणूजवळचे नायट्रोजिनेज हे एंझाइम मातीच्या साध्या तापमानात आणि हवेच्या साध्या दाबात नत्राचा बंध तोडते. त्याच कामासाठी कारखान्याला चारशे अंशांहून अधिक उष्णता आणि हवेच्या शेकडो पट दाब लागतो. मात्र या एंझाइमला प्राणवायू सोसत नाही. म्हणून वनस्पती गाठीत लेगहीमोग्लोबिन नावाचे, आपल्या रक्तातील तांबड्या द्रव्याच्या नात्यातले प्रथिन तयार करते आणि प्राणवायू मोजून-मापून आत सोडते. फुलोऱ्यावरील झाड अलगद उपटून त्याची गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी रंग दिसला, तर समजावे की काम चालू आहे. आतून पांढरी किंवा हिरवट निघाली, तर तेथे कामकरी निजलेले तरी आहेत किंवा मेलेले तरी.

ही सेवा फुकटची मात्र नव्हे. झाड जिवाणूला साखर पुरविते आणि त्याचा ऊर्जेचा खर्च मोठा असतो. त्यामुळे जमिनीत आयते नत्र मुबलक मिळाले की झाड हा खर्च टाळते. गाठी कमी धरते किंवा धरतच नाही. कडधान्याला सढळ हाताने युरिया टाकणे म्हणजे घरच्या कमावत्या माणसाला बसवून ठेवून बाजारातून उसनवारी करण्यासारखे आहे.

आपल्या शेतकऱ्याला या एंझाइमचे नाव ठाऊक नव्हते, पण परिणाम ठाऊक होता. कडधान्याचा बेवड चांगला, हे ज्ञान मराठवाड्यात आणि विदर्भात पुस्तकातून आलेले नाही. ज्वारीच्या तासांमध्ये तुरीचा तास, हरभऱ्यानंतरची फेरपालट, ताग किंवा धैंचा फुलावर येताच जमिनीत गाडण्याची रीत, हे सारे नत्राचे अर्थशास्त्रच होते. भातखाचरातही असाच एक कामकरी असतो. साचलेल्या पाण्यात वाढणारे निळे-हिरवे शैवाल भाताला नत्र पुरविते, हे पी. के. डे या भारतीय शास्त्रज्ञाने १९३९ साली दाखवून दिले. वर्षानुवर्षे खत न घालताही काही खाचरे भाताचे बऱ्यापैकी पीक देत राहतात, त्याचे एक कारण या संशोधनाने उजेडात आणले.

भांड्यातील शेती

शेतात नत्र बांधणारा उडीद घरी आला की पुन्हा सूक्ष्मजीवांच्याच हाती पडतो. इडलीसाठी तांदूळ आणि उडदाची डाळ भिजवून वाटतात व पीठ रात्रभर झाकून ठेवतात. त्यात कोणी विरजण घालीत नाही. ल्युकोनोस्टॉक आणि त्याच्या जातभाईंचे जिवाणू धान्याबरोबरच आलेले असतात. ते पिठातील शर्करेपासून आम्ल आणि कर्बवायू तयार करतात. उडदातील प्रथिने आणि चिकट द्रव्य तो वायू धरून ठेवतात आणि पीठ फुगते. तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत भरपूर असते. डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदूळ पुरवितो. आंबण्यामुळे फायटेटचे प्रमाण घटते आणि धान्यातील लोह व जस्त शरीराला अधिक सुलभतेने मिळते. दोन सामान्य धान्ये आणि एका रात्रीचा वेळ यांतून एवढे साधते.

दह्याची गोष्ट याहून परिचित आहे. दूध नासणे आणि दूध विरजणे यांत फरक करावयास माणूस फार पूर्वी शिकला. त्यामागील कारण लुई पाश्चर यांच्या १८५७ सालच्या निबंधापासून कळू लागले. विरजणातील जिवाणू दुग्धशर्करेचे लॅक्टिक आम्ल बनवितात. आम्लता एका मर्यादेपर्यंत वाढली की केसीन हे प्रथिन साकळते आणि दही लागते. त्याच आम्लतेमुळे घातक जंतूंना वाढण्यास वाव उरत नाही. ज्वारीच्या किंवा नाचणीच्या पिठाची आंबील, गोव्यात नारळीच्या सुरेने फुगविलेल्या सान्नां, एके काळी त्याच सुरेवर मळला जाणारा तेथील पाव, या सर्वांत तत्त्व एकच आहे. अन्न टिकविण्याचे काम माणसाने शत्रुजंतूंना मारून जेवढे केले, तेवढेच मित्रजंतूंना वाढवूनही केले.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे ती शिस्तीची. दूध कोमट असावे. कढत असले तर विरजण मरते, गार असले तर ते कामाला लागत नाही. भांडे स्वच्छ असावे. विरजण ताजे असावे, फार आंबट झालेले नसावे. एकदा लावल्यावर भांडे हलवू नये. आजचे दही संपविण्यापूर्वी उद्यासाठी चमचाभर बाजूला काढून ठेवावे आणि तेही चुकले तर शेजारणीकडे वाटी पाठवावी. घराघरांतील स्त्रियांनी सूक्ष्मजीवशास्त्राचा एकही धडा न घेता जिवंत संवर्धन अखंड चालू ठेवण्याचे हे शास्त्र आत्मसात केले होते. आपण हाताळीत आहोत ती वस्तू जिवंत आहे, तिला तिच्या अटींवरच वागविले पाहिजे, हे त्या शास्त्राचे पहिले सूत्र.

रवंथ आणि उकिरडा

शेत आणि भांडे यांच्यामध्ये आणखी दोन ठिकाणी हेच काम चालते. ज्वारीचे दाणे माणूस खातो, कडबा जनावरापुढे टाकतो. कडब्यातील सेल्युलोज पचविण्याचे एंझाइम म्हशीच्या स्वतःच्या शरीरात नाही. तिच्या पोटाचा पहिला कप्पा ही शे-सव्वाशे लिटरची आंबवणीची टाकीच असते. त्यातील असंख्य सूक्ष्मजीव कडबा आंबवितात, त्यातून निघणाऱ्या आम्लांवर म्हैस जगते आणि पुढे त्या सूक्ष्मजीवांनाही पचवून त्यांच्यापासून प्रथिने मिळविते. आपण दूध म्हणून जे पितो ते निम्म्याहून अधिक या टाकीचे देणे आहे.

जनावराने सोडलेले शेण आणि शेतातील काडीकचरा यांचे पुढे काय करावे, याचे शास्त्र इंदूर येथे तयार झाले. अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कंपोस्टची इंदूर पद्धत मांडली. त्यातील मर्म असे की, खताचा ढीग म्हणजे कुजत पडलेला कचरा नव्हे. योग्य ओलावा, खेळती हवा आणि कर्ब-नत्राचे योग्य प्रमाण सांभाळले तर तो तापतो, त्यातील सूक्ष्मजीव काड्यांचा ह्यूमस बनवितात. ही शिस्तही विरजणाचीच. ती न पाळता गावाबाहेर उकिरडा उन्हात वाळत आणि पावसात धुऊन जात ठेवला, तर नत्र हवेत उडून जाते आणि उरलेले नाल्याला मिळते.

जिवंत मालाचा निर्जीव व्यापार

मग आपल्या शेतीधोरणाने या कामकऱ्यांना कसे वागविले? २०१० साली केंद्र सरकारने स्फुरद आणि पालाश यांच्या खतांसाठी पोषणद्रव्यांवर आधारित अनुदानाची पद्धत आणली. युरिया मात्र तीतून वगळला. त्यामुळे इतर खते महाग होत गेली आणि युरियाची किंमत बांधलेलीच राहिली. २०१८ साली पोते ५० किलोंऐवजी ४५ किलोंचे झाले आणि त्याची किंमत, कर व कडुनिंबाच्या लेपाचा आकार सोडून, २४२ रुपये राहिली. त्याचा खरा खर्च शेतकरी देतो त्या किमतीच्या कित्येक पट आहे. तो सरकारी तिजोरीतून भरला जातो. जे स्वस्त आहे ते अधिक वापरले जाते, यात शेतकऱ्याचा दोष नाही. परंतु टाकलेल्या नत्रापैकी निम्म्याहून कमी पिकाच्या पदरात पडते. उरलेले अमोनिया होऊन उडते, नायट्रेट होऊन विहिरीच्या पाण्यात झिरपते किंवा नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जाते. कर्बवायूपेक्षा सुमारे पावणेतीनशे पटींनी अधिक उष्णता धरणारा असा हा वायू आहे. शिवाय युरियासाठी लागणारा नैसर्गिक वायू मोठ्या प्रमाणावर परदेशातूनच आणावा लागतो.

दुसऱ्या मार्गाची स्थिती याहून शोचनीय आहे. कृषी विद्यापीठे वर्षानुवर्षे सांगत आली आहेत की, कडधान्याच्या दहा ते पंधरा किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम संवर्धन गुळाच्या पाण्यातून चोळावे, बी सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे. खर्च नाममात्र आहे. परंतु जिवाणू पिकागणिक वेगळा लागतो. मूग, उडीद, तूर, चवळी यांचा गट एक. हरभऱ्याचा जिवाणू निराळा, सोयाबीनचा आणखी निराळा. जैविक खते २००६ साली खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली आणि पुढे भुकटीच्या प्रत्येक ग्रॅममध्ये किमान पाच कोटी जिवंत पेशी असाव्यात, असे मानक ठरले. मानक कागदावर चोख आहे. प्रत्यक्षात हे पाकीट मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात पडून राहिले, कीटकनाशकांच्या डब्यांशेजारी उन्हात मांडले गेले आणि मुदत उलटल्यावर विकले गेले, तर शेतकऱ्याच्या हाती येते ती निव्वळ काळी भुकटी. तिने काही साधले नाही की ‘जिवाणू खताचा काही उपयोग नाही’ असा निष्कर्ष तो काढतो, आणि त्याच्या अनुभवापुरता तो बरोबरच असतो.

कोणतीही गृहिणी विरजणाची वाटी महिनाभर उन्हात ठेवणार नाही. युरिया निर्जीव आहे, तो कोरडा ठेवला की पुरे. संवर्धन जिवंत आहे. दोन्हींना एकाच गोदामात, एकाच नियमाने वागविणाऱ्या यंत्रणेला आपण काय विकतो आहोत याची जाणीव नाही, असाच याचा अर्थ होतो.

डाळीचा भाव आणि मातीचा हिशेब

जिवाणू उत्तम मिळाला, पण कडधान्यच पेरले गेले नाही तर गाठी येणार कोठून? भारत हा कडधान्यांचा सर्वांत मोठा उत्पादक आणि सर्वांत मोठा ग्राहक. तरीही म्यानमार, मोझांबिक, टांझानिया येथून तूर आणि कॅनडा, ऑस्ट्रेलियातून मसूर आणण्याची पाळी आपल्यावर येत राहिली आहे. २०१५ साली तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली तेव्हा शहरांत हाहाकार उडाला. शेतकऱ्याने पुढच्या हंगामात मोठ्या प्रमाणावर तूर पेरली, पाऊसही चांगला झाला. आणि २०१७ साली भाव हमीदराखाली कोसळून खरेदी केंद्रांबाहेर पोत्यांच्या रांगा लागल्या. डाळ महागली की आयात आणि स्वस्त झाली की उपेक्षा, या चक्रात जो एकदा सापडला तो पुढच्या वर्षी पाण्याची सोय असल्यास उसाकडे वळतो. बाजार त्याला तुरीच्या दाण्याचा भाव देतो; तुरीने जमिनीसाठी केलेल्या कामाचा भाव कोणीच देत नाही.

हा हिशेब अवघड नाही. युरियात ४६ टक्के नत्र असते. एखाद्या कडधान्याने हेक्टरी ४० किलो नत्र हवेतून बांधले तर ती युरियाची जवळजवळ दोन पोती झाली. चांगल्या परिस्थितीत हा आकडा शंभर किलोंपर्यंत आणि त्याहूनही वर जातो. या नत्रावर सरकारला अनुदानाचा एक पैसाही खर्च करावा लागत नाही. वाचलेल्या अनुदानाचा अंश कडधान्य पिकविणाऱ्याला का मिळू नये, हा प्रश्न अर्थखात्याला विचारला गेला पाहिजे.

येथे एक सावधगिरीही हवी. द्विदल पीक घेतले की जमीन आपोआप सुपीक झाली, असे नाही. बांधलेल्या नत्राचा मोठा वाटा दाण्याबरोबर शेताबाहेर जातो. जमिनीत राहते ते मुळांचे आणि गळलेल्या पाल्याचे. तुरीचा पाला भरपूर गळतो म्हणून तिचा बेवड चांगला. सोयाबीनचे दाणे नेले आणि भुसकटही नेले, तर जमिनीच्या खाती जमेपेक्षा खर्चच अधिक पडू शकतो. गाठींनाही स्फुरद लागते, मॉलिब्डेनम आणि लोह लागते. युरियाच्या एकतर्फी स्वस्ताईने नेमके स्फुरदच मागे पडते, हे या धोरणाचे दुहेरी नुकसान होय.

दोन टोके

हे सर्व वाचून कोणी म्हणेल, मग रासायनिक खत बंदच करावे. त्याला श्रीलंकेचे उदाहरण पुरेसे आहे. २०२१ साली तेथील सरकारने रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली. भाताचे आणि चहाचे उत्पादन घसरले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात माघार घ्यावी लागली. सूक्ष्मजीवांची फौज वटहुकमाने उभी राहत नाही. उलट टोकाला, गव्हाला आणि भातालाच गाठी येतील असे वाण प्रयोगशाळेतून लौकरच मिळतील, ही आशा गेली कित्येक दशके बाळगली जात आहे. संशोधन चालू राहिले पाहिजे. पण त्या आशेवर आजची माती तारण ठेवता येणार नाही. कारखाना आणि गाठ यांत एकाचीच निवड करावयाची नाही. गाठ करू शकते ते काम गाठीकडून करून घ्यावे आणि उरलेल्यासाठी कारखाना वापरावा, एवढीच तारतम्याची मागणी आहे.

त्यासाठी तीन गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. जिवाणू संवर्धने पेरणीपूर्वी त्या त्या जिल्ह्यातच तयार व्हावीत, थंड जागी साठविली जावीत आणि दुकानातून नमुने उचलून त्यांतील जिवंत पेशी मोजल्या जाव्यात. ज्याचे पाकीट मेलेले निघेल त्याचा परवाना जावा. कडधान्याची हमीदराने खरेदी हंगामाच्या आरंभी सुरू व्हावी आणि शेवटचे पोते मोजले जाईपर्यंत ती बंद पडू नये. आणि युरियाच्या किमतीचा प्रश्न निवडणुकीच्या भीतीने टाळत न राहता, अनुदानाचा ओघ पोत्याकडून जमिनीच्या आरोग्याकडे टप्प्याटप्प्याने वळवावा.

शाळांचाही यात वाटा आहे. नत्रचक्राची आकृती आपले विद्यार्थी बाणांसकट पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. ऑगस्टअखेर शाळेजवळच्या शेतातील उडदाचे एक झाड मालकाला विचारून मुळासकट उपटावे, मुळे पाण्यात धुवावीत आणि मुलांना गाठी मोजावयास व फोडून पाहावयास लावावे. आतला रंग गुलाबी निघाला तर नत्रचक्र त्यांना वेगळे शिकवावे लागणार नाही. तो पांढरा निघाला तर असे का झाले, हा प्रश्न मुले घरी जाऊन विचारतील; आणि त्याचे उत्तर शेतकऱ्याने नव्हे, खत आणि संवर्धन एकाच मापाने मोजणाऱ्या व्यवस्थेने द्यावयाचे आहे.